नळाला पाणी आल्यावर काय करावे: नवशिक्या प्रोग्रामरसाठी सोलापुरी मार्गदर्शिका

बाहेर काही घडलं की सिस्टिमने आपणहून कामाला लागावं आणि एकही घटना हातची जाऊ नये, हे शिकायला क्लास कशाला? सोलापुरात खोली भाड्याने घ्या. पाणी काही दिवसांआड येतं, वेळ चावीवाल्याच्या हातात.

आधी उगम समजून घ्या. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. तिथून लांबलचक जलवाहिनीने पाणी पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. शिवाय धरणातून नदीत सोडलेलं पाणी टाकळीच्या पंपगृहातून उचलतात. दोन वाटा बघून नवशिका खूश होतो. दोन्हीकडे पाणी उजनीचंच, हे त्याला मे महिन्यात कळतं. त्यात पंपगृहाची वीज गेली की पेठांचं वेळापत्रक एक दिवस पुढे. म्हणजे पहाटेचा गजर लावून निजणं, अर्थात ठरल्या वेळी चालणारा क्रॉन, बाद.

त्यापेक्षा नळ उघडा ठेवून खाली पत्र्याची बादली ठेवा, आवाजाने जाग येईल. नळ आधी फुसफुसतो, दोन गुळण्या टाकतो, मग गढूळ धार येते आणि बऱ्याच वेळाने नितळ. पहिल्या फुस्सलाच हौदाकडची चावी फिरवलीत तर गेल्या खेपेचं चांगलं पाणीही नासतं. धार टिकू द्या, मगच ‘इव्हेंट आला’ म्हणा. (थेट नळाला मोटर लावणं बेकायदा आहे. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर परीक्षेत लिहू नये.)

शेजारच्या काकू ‘पाणी आलंय बघा!’ अशी हाक मारतील. हा तुमचा वेबहुक, म्हणजे घटना घडताच बाहेरून आलेला निरोप. ‘हो हो’ म्हणून कूस बदललीत की काकूंच्या लेखी निरोप पोचला. त्या पुन्हा ओरडणार नाहीत. आधी उठा, मग ‘हो’ म्हणा. ‘हो’ ऐकू गेलं नाही तर काकू दोनदा हाक मारतील, आणि ते बरोबरच आहे. निरोप नेमका एकदाच यावा असा हट्ट धरणाऱ्याची टाकी कोरडी राहते.

दुसऱ्या हाकेने काही बिघडू नये, हे मात्र तुमच्याकडे. ‘हौदावरच्या मोटरचं बटण दाबून ये’ असं दोघा भावांना सांगा: थोरला चालू करतो, धाकटा बंद. हुकूम ‘बटण दाब’ असा नसावा, ‘गच्चीवरची टाकी भरलेली असू दे’ असा असावा. मग दहा जणांना सांगा, फरक पडत नाही. मोटरखोलीची किल्ली एकाकडेच, तीही सहापर्यंत. तोवर तो उठला नाही तर दुसऱ्याने घ्यावी; आणि पहिला साडेसहाला डोळे चोळत आला तरी त्याला परत देऊ नये.

एवढं करूनही रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन टाकीत डोकवा. पाणी आलं होतं का, हे कुणालाही विचारू नका. किती आहे ते बघा. तळ दिसला तर टँकर मागवा. फोन एकानेच करावा. तिघांनी केला तर तीन टँकर येतात, टाकी एकात भरते आणि पैसे तिन्हींचे द्यावे लागतात.