थेंब बुडाला

आमच्या हायस्कुलाच्या अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्याच सभागृहात रक्तदान शिबिर भरणार असून माजी विद्यार्थ्यांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे, अशा मजकुराचे पत्र हाती पडले, तेव्हा ज्या संस्थेने सहा वर्षे माझे रक्त हप्त्याहप्त्याने आटवले तिला आता उरलेसुरलेही एकरकमी हवे आहे, असा एक कृतघ्न विचार माझ्या मनात डोकावून गेला. मी रक्त कधी दिलेच नव्हते असे मात्र कुणी समजू नये. विद्यार्थिदशेत भाड्याच्या खोलीतील ढेकणांना ते मी प्रतिरात्री, प्रशस्तिपत्राची अपेक्षा न धरता देत आलो होतो. परंतु सुईच्या मार्गाने ते देण्याचा प्रसंग आला की नेमकी त्याच दिवशी कुणाच्या तरी मुंजीस माझी उपस्थिती अनिवार्य होऊन बसे. यावेळी पत्र प्रथम सौभाग्यवतींच्या हाती पडले आणि "जाऊन या, तेवढेच एक काम हातून होईल" असा हुकूम सुटला. सबब मी गेलो.

नोंदणीच्या मेजाशी आमचे सेवानिवृत्त गणिताचे सर बसले होते. त्यांनी पुढे केलेल्या छापील तक्त्यात वय, वजन, रात्रीची झोप आणि सकाळची न्याहारी येथपासून वर्षभरातील कावीळ व गोंदण येथपर्यंत इतक्या कलमांची चौकशी होती, की जमिनीच्या खरेदीखतावरही मी एवढा सत्यनिष्ठ कबुलीजबाब कधी लिहून दिला नव्हता. दात्याचे वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो असावे, असा दंडक आहे. त्यामुळे शाळेच्या शिबिरात शाळेच्या विद्यार्थ्यांनाच तेवढी रक्त देण्याची मनाई होती, आणि ती सारी मंडळी छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून वडीलधाऱ्यांचे चेहरे कोणत्या क्षणी पांढरे पडतात याचा सूक्ष्म अभ्यास करीत उभी होती. चेहरा तांबडा ठेवण्याचा असा आटोकाट प्रयत्न मी आयुष्यात प्रथमच केला.

पुढच्या मेजावर काचेच्या चंचुपात्रात निळेशार पाणी होते. द्राक्षबागेवर ज्याची फवारणी करतात, त्याच मोरचुदाचे ते द्रावण. पण त्याची घनता १.०५३ इतकी काटेकोर राखलेली असते, आणि बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात न अडखळता तळाशी गेला, तर त्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम आहे असे धरतात. हा खुलासा मला मागाहून झाला. त्या क्षणी "बुडाला" एवढा एकच शब्द तेथील मुलीच्या तोंडून माझ्या कानी आला, आणि ज्या इमारतीत त्या शब्दाचा माझ्या संदर्भात एकच अर्थ रूढ होता त्या इमारतीत तो पुन्हा ऐकताना माझे मस्तक पूर्वसंस्काराने खाली गेले. तोच मागून सरांचा आवाज आला, "अरे, मान काय घालतोस? बुडाला म्हणजे पास झालास! या वास्तूत पहिल्यांदाच बुडून पास झालास."

उरला रक्तगट. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवजातीची जी वाटणी केली, तीत कुळी, गोत्र आणि सातबारा यांपैकी कशाचीच रुजुवात होत नसल्यामुळे, निदान येथे तरी आपण कुणी असामान्य निघू, अशी माझी गुप्त आशा होती. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली शोधून काढलेला तो 'बॉम्बे' गट (शहराने १९९५ मध्ये जे नाव टाकले ते रक्ताने अद्याप टाकलेले नाही) अतिशय विरळा असून त्या माणसाला त्याच गटाचे रक्त चालते; असे काहीतरी दुर्मिळ माझ्या धमन्यांतून वाहत असल्यास सौभाग्यवतींचा माझ्याविषयीचा अभिप्राय सुधारण्यास वाव होता. काचपट्टीवर पाहून मुलगी म्हणाली, "बी पॉझिटिव्ह." माझा चेहरा पडलेला पाहून तिने समजूत घातली, "काका, हा गट पुष्कळांचा असतो, म्हणून तर तो पुष्कळांना लागतो."

खाटेवर आडवे झाल्यावर हातात एक मऊ चेंडू देऊन तो दाबत राहण्यास सांगण्यात आले. सुई टोचल्याचे दुःख एवढे किरकोळ निघाले, की त्याच्या धास्तीने मी खाल्लेल्या मुंजीच्या जेवणांची मला शरम वाटली. डोक्यावर पंखा फिरत होता. एवढ्यात वीज गेली, पंखा मंदावत थांबला, आणि त्याच्या तीन पात्यांवर अनुक्रमे देणगीदाराचे नाव, आडनाव आणि 'यांजकडून सप्रेम भेट' अशी वाटणी प्रकट झाली; म्हणजे पंखा वारा देतो तोवर दाता दिसत नाही, आणि दाता दिसू लागला की वारा बंद होतो. मी मान कलती करून माझी पिशवी पाहिली. तिच्यावर एक क्रमांक होता, गट होता, तारीख होती, ३५० मिलिलिटर हे माप होते. माझे नाव कोठेही नव्हते.

नंतर चहा, ग्लुकोजची बिस्किटे आणि प्रशस्तिपत्र यांचे वाटप झाले. प्रशस्तिपत्रावर नाव होते, आणि त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून घेतल्या नाहीत. शीतपेटीत तांबड्या पेशी ३५ दिवस टिकतात. तेवढ्या मुदतीत कुणा बी पॉझिटिव्ह इसमाच्या अंगात माझा एक अंश जाईल. मी गणितात किती वेळा बुडालो हे तो विचारणार नाही, आणि त्याचे नाव मलाही कळणार नाही.

पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. ती तारीख मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी कुणाच्या घरी मुंज असल्यास त्यांनी माझी वाट पाहू नये.