काय सांगता, अजून नाही पाहिलंत?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सूर्याचा 'कंगुवा' आपटला आणि तमिळ निर्मात्यांनी आरोपी शोधून काढला. आरोपी निघाला प्रेक्षक. निर्मात्यांच्या परिषदेनं थिएटरमालकांना कळवलं, की बाबांनो, ते माइकवाले यूट्यूबकर आवारात येऊ देऊ नका. लोक बाहेर पडल्या पडल्या काहीबाही बोलतात आणि पुढच्या खेळाला खुर्च्या रिकाम्या राहतात. मग प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. चित्रपट लागल्यापासून पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर त्याचं परीक्षण येऊ नये, अशी मागणी होती. न्यायालयानं डिसेंबरात तशी बंदी घालायला नकार दिला. चांगलं म्हणायचा हक्क असेल तर वाईट म्हणायचाही असणारच, एवढी साधी गोष्ट समजावून सांगायला इथं उच्च न्यायालय लागतं.

चेन्नईत न राहिलेल्या माणसाला या 'पब्लिक रिव्ह्यू'ची कल्पना यायची नाही. खेळ सुटतो, दार उघडतं आणि उजेडानं डोळे चोळणाऱ्या माणसाच्या हनुवटीखाली आठ-दहा माइक येतात. प्रत्येक माइकला वेगळ्या रंगाची टोपी. माणूस घामाघूम, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, मागं दोन मित्र कॅमेऱ्याकडं बघून हात हलवताहेत. तो एका दमात सांगतो: फर्स्ट हाफ वेर लेव्हल, सेकंड हाफ कोंजम लॅग, बीजीएम मास, फॅमिलीबरोबर बघा. झालं परीक्षण. वीस सेकंद. आपल्याकडं हेच सांगायला रविवारच्या पुरवणीत तीन कॉलम लागतात आणि शेवटी 'एकूणात हा एक प्रामाणिक प्रयत्न' असं लिहून समीक्षक सगळ्यांना चकवून निघून जातो.

निर्मात्यांचं दुखणं मला कळतं. पण त्यांनी नेम भलत्याच माणसावर धरला. थिएटरबाहेर बोलणाऱ्यानं निदान तिकीट काढलेलं असतं, तीन तास कळ काढलेली असते. बंदी घालायचीच असेल तर ती घरात बसून शिफारशी करणाऱ्यांवर घालावी. सोफ्यावर आडवा होऊन मालिकेचे दोन भाग बघायचे, तिसऱ्यात घोरायचं आणि सकाळी लिफ्टमध्ये 'काय सांगता, अजून नाही पाहिलंत?' म्हणून समोरच्याला गुन्हेगार ठरवायचं, हा प्रकार या शहरात कुठल्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही.

चेन्नईतल्या मराठी माणसाला तर हा मार दोन्ही बाजूंनी बसतो. एकीकडं तमिळ शेजार, दुसरीकडं मराठी व्हॉट्सॲप ग्रुप.

ग्रुपचं आधी सांगतो. ओएमआर रस्त्यावरच्या मनोऱ्यांतले आयटीवाले, श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यांतले इंजिनिअर, पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातले साहेब आणि बदलीवर आलेले बँकवाले अशी मंडळी त्यात आहेत. ग्रुप निघाला होता गणपतीची मूर्ती, उकडीच्या मोदकांची पिठी आणि सत्यनारायणाला मराठी भटजी कुठं मिळतील हे विचारायला. ते प्रश्न वर्षातून एकदाच पडतात. उरलेले सगळे शुक्रवार मोकळे. मग संध्याकाळी कुणीतरी वहिनी विचारतात: "वीकेंडला काहीतरी छान सुचवा ना. हलकंफुलकं. मुलांबरोबर बघता येईल असं. खून नको."

पाच मिनिटांत उत्तरं येतात: 'असुर'. 'पाताल लोक'. 'सेक्रेड गेम्स'. एक काका खास स्थानिक म्हणून तमिळ 'सुळल' सुचवतात, ज्यात मुलगी बेपत्ता होते आणि गावभर संशय पसरतो. वहिनी पुन्हा नम्रपणे लिहितात की खून नको म्हटलं होतं. त्यावर एक जण 'वाळवी' सुचवतो. विनोदी आहे म्हणतो. आहेच. बायकोचा काटा काढायचा बेत हा त्यातला विनोदाचा भाग.

मग रात्री साडेदहाच्या सुमाराला कुणीतरी 'अशी ही बनवाबनवी'चं नाव काढतं आणि ग्रुपवर एकदम शांतता पसरते. १९८८ चा चित्रपट, सगळ्यांचा पाठ. सत्तर रुपये वारले, ज्याला जे आठवेल ते तो लिहितो. नवीन काहीच कुणी बघत नाही, पण कुणाची तक्रारही नसते. शिफारस ही बघण्यासाठी नसते हे त्या घटकेला लख्ख कळतं. ती देण्यात सुख आहे; घेणारा मात्र कर्जबाजारी होतो. सोमवारी सावकार दारात हजर: "बघितलीस? कितवा भाग? अरे, चौथ्यापासून पकड घेते!" चौथ्यापासून पकड घेणाऱ्या मालिकेचे पहिले तीन भाग माणसाच्या आयुष्यातून वजा होतात त्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

माणसांना कंटाळून यंत्राकडं जावं, तर तिथंही शिफारशीच. नेटफ्लिक्सनं २००६ साली जगाला आव्हान दिलं होतं: आमच्यापेक्षा दहा टक्के बरा अंदाज करून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या. तीन वर्षं जगभरचे गणिती झुंजले, २००९ मध्ये एका चमूनं बक्षीस नेलं आणि नंतर कंपनीनंच सांगितलं की ते विजेतं गणित आम्ही पूर्ण वापरलं नाही, इतका खटाटोप परवडत नाही. म्हणजे दहा लाख डॉलर खर्चूनही सल्ला घ्यायचा आणि ऐकायचा नाही, ही आपल्याच घरातली रीत. पुढं २०१७ मध्ये तारे गेले, अंगठे आले आणि प्रत्येक चित्रपटाशेजारी जुळणीचे टक्के दिसू लागले. ९८ टक्के जुळणी! आपल्याकडं छत्तीस गुण जुळूनही काय होतं ते ठाऊक असल्यामुळं मराठी माणूस या आकड्यानं हुरळत नाही. तो ६१ टक्केवाला बघतो आणि बरं चाललंय म्हणतो.

शिवाय यंत्राला एकत्र कुटुंब समजत नाही. साताऱ्याहून आई चार महिने राहायला आल्या, दुपारी हिंदीतल्या कोरियन मालिका बघू लागल्या. मुलगा छोटा भीम. सौभाग्यवती रात्री बेकिंगच्या स्पर्धा. मी झोप येईपर्यंत पोलीस तपास. सगळं एकाच खात्यावर, कारण वेगळं प्रोफाइल उघडायचा कंटाळा हा आमच्या घरातला एकमेव सर्वसंमत विषय. यंत्राची समजूत अशी झाली आहे की या पत्त्यावर सत्तरीची एक कोरियन बाई राहते, तिला लाडू आवडतात, ती केक करते आणि बहुधा तिनं कुणाला तरी मारलेलं आहे. त्या हिशेबानं यंत्र रोज संध्याकाळी आम्हाला काही ना काही सुचवत असते.

तमिळ शेजार मात्र मला या दोघांपेक्षा प्रामाणिक वाटतो. इथं शिफारशीला पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर रजनीकांत. त्याच्यासाठी शिफारस लागतच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'जेलर' आला तेव्हा तमिळनाडूत पहिला खेळ सकाळी नऊच्या आधी लावायला परवानगी नव्हती. बेंगळुरूत तो सहाला होता. म्हणून इथली मंडळी साडेतीनशे किलोमीटर तिकडं गेली. तीन तास आधी बघायला अख्खी रात्र गाडीत! हा माणूस मूळचा शिवाजीराव गायकवाड आहे हे आपण इथं भेटेल त्याला सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, 'ओहो' म्हणतो आणि लगेच विचारतो, मग त्याला मराठीत का नाही घेतलंत? उत्तर सापडलं की कळवीन.

त्याखालची पायरी म्हणजे 'थिएटरात बघ'. तिकिटाच्या दराला इथं सरकारी कमाल मर्यादा आहे, दोनशे रुपयांच्या आसपास मल्टिप्लेक्स होतं, त्यामुळं ही शिफारस मुंबईसारखी माणसाला कर्जात ढकलत नाही. आणि सगळ्यात खालची पायरी: 'ओटीटीले पात्तुक्कलाम'. घरी बघून घेऊ की, काय घाई आहे! वरवर सौम्य वाटणारं हे वाक्य एखाद्या निर्मात्यानं ऐकलं तर त्याला रात्रभर झोप यायची नाही. 'कुली' १४ ऑगस्ट २०२५ ला थिएटरात लागला आणि ११ सप्टेंबरला प्राइमवर आला, चार आठवडे पुरे. ज्याला एवढा दम निघतो त्याच्या मताला निर्माता भिणारच.

हे भांडण जुनं आहे. २०१३ साली कमल हासनला 'विश्वरूपम' थिएटरच्या आधी डीटीएचवर दाखवायचा होता. थिएटरमालक असे खवळले की चित्रपट काही आधी घरात आला नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत सूर्याच्या कंपनीनं ज्योतिकाचा 'पोन्मगळ वंदाळ' सरळ प्राइमवर दिला, तेव्हा मालकांनी दम भरला की यापुढं यांचे चित्रपट आम्ही लावणार नाही. मग 'सूररै पोट्रु' आणि 'जय भीम'ही घरातच आले, आणि गंमत म्हणजे लोकांनी ते तोंडी शिफारशीवरच देशभर नेले. तेव्हा कुणी तीन दिवस गप्प बसा म्हणालं नाही. स्तुतीला माइक चालतो.

आता मामींबद्दल. तळमजल्यावर राहतात, मैलापूरच्या मूळच्या, आणि सगळी इमारत त्यांना मामीच म्हणते, त्यामुळं नातं लावायला मला वेगळे कष्ट पडले नाहीत. पहाटे कोलम काढता काढता त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवतात. हातातली पिठाची चिमूट तशीच हवेत, आणि निकाल. मागं त्यांनी मला 'मेय्यळगन' बघायला लावला. "तंजावूरची गोष्ट आहे, पा. तुमच्याच राजांचं गाव." अरविंद स्वामी तंजावूरचं घर सोडून चेन्नईला येतो, बऱ्याच वर्षांनी लग्नासाठी तिकडं जातो आणि कार्ती त्याला बोलून बोलून माणसात आणतो, एवढीच गोष्ट. जवळजवळ तीन तास. चेन्नईच्या माइकांनी लगेच 'लॅग' म्हटलं आणि दिग्दर्शक प्रेमकुमारनं लागलेल्या चित्रपटातून अठरा-एक मिनिटं काढून टाकली. मामींना त्या अठरा मिनिटांचं दुःख माहेरचं माणूस गेल्यासारखं आहे. "अठरा मिनिटांनी काय होतं? तुला कुठं जायचं होतं?" असं त्या मला विचारतात, जणू कात्री मीच चालवली. तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीला मराठी नाटकं लिहिली, तीसुद्धा लांबलचक असणार. पण दरबारात उभं राहून 'महाराज, सेकंड हाफ लॅग' म्हणायची कुणाची टाप नव्हती. नाटककारानं राजा असण्याचा हा एक फायदा.

मामींची एक अट अशी की सबटायटल वाचायचं नाही. वाचणारा माणूस चेहरे बघत नाही, म्हणे. मी चेहरे बघितले. 'सर्पट्टा परंबरै'मधली उत्तर मद्रासची सत्तरच्या दशकातली मुष्टियुद्धं भाषेवाचून कळतात, ठोसा कुठल्याच लिपीत लिहिलेला नसतो. 'काक्का मुट्टै'मधली ती दोन झोपडपट्टीतली पोरं आणि त्यांचा पिझ्झाही कळतो. तो आवडला तर त्यावरून समित कक्कड यांनी २०१६ मध्ये केलेला मराठी 'हाफ तिकीट' बघा, नाही आवडला तरी बघा.

संपादकांचा आग्रह आहे की सदरात निदान एक तरी मराठी नाव खास हवं. तर 'द डिसायपल'. चैतन्य ताम्हाणे, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक, २०२१ पासून नेटफ्लिक्सवर. हा चित्रपट मला जितक्यांनी सुचवला त्यातल्या कुणालाही शेवटाबद्दल विचारलं की ते अण्णा नगरच्या ट्रॅफिकवर बोलू लागतात. तो बघताना कुठंही जायचं नसावं, एवढंच पथ्य.

आणि घरात रिमोटवरून भांडणं असतील तर 'मंडेला'. योगी बाबूनं केलेला गावातला न्हावी, पंचायत निवडणूक बरोबरीत अडकलेली, आणि याचं एकच मत निर्णायक. दोन्ही गट त्याला साबणापासून सलूनपर्यंत काहीही द्यायला तयार. आमच्याकडं ते मत सध्या दुसरीतल्या चिरंजीवांकडं आहे. गेल्या शनिवारी सौभाग्यवतींनी कुल्फी कबूल केली, मी मरीनाची चक्कर, आजीनं नुसतंच डोळ्यांत पाणी आणलं. त्यांनी कुल्फी खाल्ली, मरीनाला जाऊन आले, आजीच्या मांडीवर बसले आणि छोटा भीम लावला.