आवाजाचं वळण

भोसरी एमआयडीसीला खेटून राहणाऱ्याला घड्याळाची गरज नसते. कुठली शिफ्ट सुटली ते कानालाच कळतं. पण आमच्या सोसायटीत एक कोडं बरीच वर्षं पडून होतं. मागच्या बाजूच्या कारखान्यातली प्रेस दुपारी अगदी गप्प, आणि थंडीत रात्री दोन वाजता मात्र थेट उशीखाली आपटते. सेक्रेटरींच्या मते मालक चोरून रात्रीच माल काढत होता. तक्रारीचा अर्ज टाइपसुद्धा झाला.

तो अडवला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काकांची नोकरी चाकणला फोर्जिंगच्या क्वालिटीत गेली. काम यूटीचं, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग. जॉबला ग्रीस फासायचं, प्रोब टेकवायचा आणि लोखंडाच्या पोटातली चीर पडद्यावर शोधायची. ग्रीस कशाला? तर मध्ये कागदाएवढी जरी हवा राहिली, तरी लाट आत न शिरता दारातूनच परत फिरते. पोलादात सेकंदाला 5900 मीटर पळणारा आवाज हवेत जेमतेम 340 मीटर जातो. "हवा म्हणजे संध्याकाळचा हिंजवडीचा रस्ता," असं काका सांगतात.

"प्रेस दिवसाही चालते हो," काका म्हणाले. "दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते. गरम हवेत आवाज जोरात पळतो, म्हणून लाटेची खालची बाजू पुढे निघते आणि अख्खी लाट आभाळाकडे वळते. डिसेंबरच्या रात्री उलटं. खाली गारठा, वर ऊब. वर गेलेला आवाज वाकून तुमच्या गॅलरीत उतरतो."

"मग अर्ज कुणावर करायचा?" सेक्रेटरी.

"डिसेंबरवर."

काकांच्या विद्येचा खरा कस लागला तो गणपतीत. डीजेचा 50 हर्ट्झचा ठोका जवळजवळ सात मीटर लांबीचा. इमारतीच्या कोपऱ्याला तो सहज वळसा घालतो. शब्दांमधल्या स-श च्या लाटा काही सेंटीमीटरच्या, त्या भिंतींना आपटून तिथेच संपतात. त्यामुळे आमच्याकडे पोचते ती नुसती धडधड, आणि मंडळाने गाणं कुठलं लावलंय यावर जिन्यात पैजा लागतात. मी अजून एकही जिंकलेलो नाही.

मंडपाच्या दोन्ही टोकांना स्पीकरच्या भिंती, ठोका एकच. दोन्हीकडून येणाऱ्या अंतरात अर्ध्या लाटेचा फरक पडला, की एकीचा चढ दुसरीचा उतार खाऊन टाकतो. काकांनी गच्चीवर फिरून अशी जागा हुडकली, खडूने फुली मारली आणि खुर्ची टाकून पेपर उघडला. गाणं बदललं, ठोका बदलला, शांतता चार पावलं सरकली. काका खुर्चीसकट सरकले. विसर्जनापर्यंत निम्मी सोसायटी खुर्च्या उचलून त्यांच्या मागे फिरत होती.

नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातल्या रेडिओलाटा जुळवून एक भली मोठी दुर्बीण बनवतात. तिथे शास्त्रज्ञ लागले. आमच्याकडे वर्गणीचं पावतीपुस्तक पुरलं.

यंदा सेक्रेटरींनी गच्चीवर ऑइलपेंटने शांततेचे चौकोन आखून त्यांत फ्लॅटचे नंबर टाकले. ठोक्याबरोबर जागाही बदलते, हे काकांनी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी सर्वानुमते ठराव झाला: मंडळाने दहाही दिवस एकच गाणं लावावं.