उन्हाच्या गावची लोकर

मे महिन्यात ज्या गावात पारा ४३ अंशांना टेकतो, त्या सोलापुरात आमची आजी जन्मभर लोकरीचे स्वेटर विणत राहिली. आमच्याकडची थंडी संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास येते आणि यात्रेतले पाळणे उतरवायच्या आत निघूनही जाते. तेवढ्यासाठी घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र स्वेटर, कानटोपी आणि मोजे!

तसं हे विणणाऱ्यांचंच गाव. १८७७ साली इथे जुनी मिल उभी राहिली. पूर्व भागात पद्मशाली विणकरांचे घरोघर माग, आणि जकार्डवरच्या सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं. पण त्या खटखटाटात दोन सुयांना कोण विचारतो? मागावर चादरींचा ढीग पडायचा, तोवर आजीच्या स्वेटरची पाठसुद्धा पुरी झालेली नसायची.

तिला हा नाद लागला तो १९६२ च्या चीन युद्धात. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तशी आजीही बसली. लढाई महिनाभरात थांबली, सुया काही थांबल्या नाहीत. जवान सुटले, नातवंडं सापडली.

बाळंतविडा हे मात्र तिचं खरं राज्य. कुंची, टोपडं, झबलं, पायमोजे. बाळाला पहिल्यांदा नवं घालू नये, जुनं मऊ घालावं, असा आपल्याकडचा रिवाज. मग आजी थोरल्याचा स्वेटर उसवायची, लोकर किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि तिचंच झबलं विणायची. ‘जुनंच आहे की गं हे!’ शास्त्रही राखलं जायचं आणि पैसेही. लडी दोन्ही हातांवर ताणून धरायचं काम आम्हा पोरांकडे. नाकावर माशी बसली तरी हलायची सोय नव्हती. माप टेपने घेणं तिला मंजूर नव्हतं. ती वितीने मोजायची, वर ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून चार बोटं जास्त धरायची. त्यामुळे स्वेटर नीट बसायला लागे तो नेमका एप्रिलात.

आता तिच्या सुया माझ्याकडे आहेत. बारशाला लोक पाकीट देतात. त्यात वाईट काही नाही, उलट आईबापांना तेच जास्त उपयोगी पडतं. पण माझं मत विचाराल तर हातच्या भेटीत खरी चैन देणाऱ्याचीच असते. एक सुलट, एक उलट करत कित्येक संध्याकाळी ते बाळ आपल्याच मांडीवर असतं, अजून जन्मलेलंही नसताना. हे सुख पाकिटात कुठलं?

चुलतभावाची मुलगी टोरांटोला असते. तिच्या बाळासाठी कुंची पाठवली, तेव्हा वाटलं, आमच्या घराण्यातल्या लोकरीला अखेर साजेशी थंडी मिळाली. आठवड्याने फोटो आला. बाहेर बर्फ, घरात हीटर, बाळ उघडंबंब आणि कुंची टेडीच्या डोक्यावर. टेडीला ती अगदी मापात बसली होती.

तेव्हा सोलापुरात तुमच्या घरी पाळणा हलणार असेल तर जरा आधी कळवा. मार्गशीर्ष-पौष असेल तर लोकरीचं विणीन, चैत्र-वैशाख असेल तर सुती दोऱ्याचं क्रोशाचं टोपडं मिळेल. रंगाची फर्माईश मात्र करू नका. उसवायला कुणाचा स्वेटर हाती लागतो, त्यावर तो ठरतो.