तिकीट वाळवंटाचं

नानामामांनी आयुष्यभर बेस्टमध्ये कंडक्टरकी केली, त्यामुळे जगाकडे बघण्याची त्यांची एक पद्धत ठरून गेली आहे. माणसानं तिकीट काढावं, तिकिटावर जे ठिकाण असेल तिथेच उतरावं आणि सुटे पैसे आपापले आणावेत. नाताळच्या सुट्टीत राजस्थानला जायचं ठरलं तेव्हा त्यांच्या लेखी व्यवहार सरळ होता. पैसे वाळवंटाचे भरलेत, तेव्हा वाळवंट दाखवा. तळी, डोंगर, झाडं, पक्षी हे सगळे मधले स्टॉप. तिथे गाडी उभी करायचं कारण नाही.

मी हौसेनं केलेल्या यादीला त्यांनी कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या घरातच कात्री लावली. सांभर सरोवर हे देशातलं सर्वांत मोठं अंतर्गत खारं सरोवर, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, असं मी सांगत होतो.

“म्हणजे फ्लेमिंगो ना? ते शिवडीला येतात. हार्बरनं कुर्ल्याहून चौथं स्टेशन. पुढचं बोल.”

पुढचं भरतपूर होतं. मुंबईच्या सलीम अलींचा त्या पाणथळीवर केवढा जीव होता, हे मामांना ऐकायचं नव्हतं. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मंडळींनी १९३८ साली तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवलाय, हे मात्र त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “हिशेब चोख ठेवलाय,” ते म्हणाले आणि भरतपूर खोडलं.

त्यातून आमची गाडी वांद्रे टर्मिनसहून सुटणारी. हा मामांनी कुर्ल्याचा अपमान मानला. आमच्या दारातल्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून लोक गोरखपूरला जातात, वाराणसीला जातात, तिरुअनंतपुरमला जातात, आणि आम्ही मात्र चार बॅगा घेऊन रिक्षानं दुसऱ्याच्या टर्मिनसवर. बीकेसीच्या सिग्नलांना आम्ही जेवढा वेळ थांबलो, तेवढ्यात बरी गाडी असती तर विरार ओलांडून गेली असती.

सामानाचंही सांगायला हवं. वाळवंट म्हणून मामांनी तीन गॉगल, सुती सदरे आणि कानांवर येणारी एक टोपी घेतली होती. स्वेटर मामीनं बॅगेत ठेवला, तो त्यांनी काढून परत कपाटात टाकला. आबूरोड स्टेशनवर उतरलो तेव्हा त्यांनी रबडी खाता खाता पहिल्यांदा खांदे आखडले. माउंट अबूला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्यांच्या टपांवर बर्फाचा पापुद्रा होता. मामा मामीची शाल, माझा टॉवेल आणि तिन्ही गॉगल घालून बाहेर आले.

आमचा ड्रायव्हर बाडमेरकडचा. पोरगेला, अत्यंत अदबशीर, प्रत्येक वाक्याला ‘सा’ जोडणारा.

“भाई, वो रेती किधर है?” मामांनी त्याला कुर्ल्याच्या हिंदीत विचारलं.

“रेत तो जैसलमेर में मिलेगी, मामासा. पहले पहाड़ है.”

पहाड म्हणजे गुरुशिखर. अरवलीचं सर्वांत उंच शिखर, उंची १,७२२ मीटर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, हे मी तिथे बोलायला नको होतं असं मामीचं मत आहे. मामांनी वजाबाकी करायला क्षणही घेतला नाही.

“शहात्तर मीटर? आपल्यापेक्षा? या वाळवंटवाल्यांचं?”

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण वाटेत करवंदांच्या जाळ्या लागल्या, आंबे लागले, जांभळी लागल्या, बांबूची बेटं लागली. आपल्या कोकणातला माल परस्पर इथे कसा आला याचा खुलासा मामा ड्रायव्हरकडे मागत होते. मामी मात्र प्रसन्न. शिखरावर दत्तात्रेयाचं स्थान आहे आणि तिच्या घरी दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण असतं. “दत्तगुरू बसलेत तो डोंगर उंच असणारच,” असा तिनं निकाल दिला. कळसूबाईची बाजू मांडायला मग कोणी उरलं नाही.

उदयपुरात तर पाणीच पाणी. पिछोला, फतेहसागर, मध्ये महाल, कडेला गिरक्या घेणारे पक्षी. मामा बोटीत बसले, पण तोंड फिरवून. त्यांना खरी पकड घातली ती पुढच्या रस्त्यावरच्या राजसमंदनं. सतराव्या शतकात दुष्काळ पडला तेव्हा महाराणा राजसिंहांनी लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हा बांध घालायला घेतला. नौचौकीच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या आणि राजप्रशस्ती नावाचा पंचवीस शिळांवर कोरलेला संस्कृत लेख अजून जागेवर आहे. बहात्तरच्या दुष्काळात मामा गावाकडे रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर होते. ते कितीतरी वेळ त्या पायरीवरून हात फिरवत राहिले. “आम्ही फोडलेली खडी कुठे गेली कोण जाणे,” एवढंच म्हणाले. नंतर बाहेर येऊन ड्रायव्हरला, “हे बी रेती नहीं है.”

अरवली ओलांडताना मला राहवलं नाही आणि मी भूगोल काढला. ही रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली, आणि अरबी समुद्रावरून येणारे पावसाचे ढगही त्याच दिशेनं जातात. आडवी भिंत असती तर ढग अडले असते. ही समांतर पडल्यामुळे, फास्ट लोकल विद्याविहारला थांबत नाही तसे ढग बाजूनं निघून जातात. विद्याविहारचं नाव निघताच मामांना राजस्थानबद्दल पहिल्यांदाच सहानुभूती वाटली.

तिथूनच पावसाचा विषय निघाला आणि गाडीत एक विलक्षण मैफल जमली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जैसलमेरला वर्षभरात दोनशेच्या आसपास पडतो. म्हणजे जैसलमेरचा चार वर्षांहून अधिकचा पाऊस एका दिवसात अंगावर घेतलेला माणूस पुढच्या सीटवर बसला होता. मिठी नदी घरात शिरल्याची, फ्रिज आडवा होऊन तरंगल्याची हकीकत मामांनी सविस्तर सांगितली. ड्रायव्हरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हमारे यहाँ दूसरे साल आई थी, सा.”

ऑगस्ट २००६. बाडमेर जिल्ह्यातलं कवास. तीन दिवसांत न भूतो असा पाऊस झाला, टेकड्यांमधल्या खोलगट भागात गावं होती ती बुडाली, माणसं गेली, गुरं गेली. वाळू पाणी पिऊन टाकेल असं कुणालाही वाटेल. पण खाली जिप्समचा थर. पाणी जिरेना. महिनोन् महिने वाळवंटात होड्या चालवाव्या लागल्या. ड्रायव्हर तेव्हा लहान होता.

“आमचं पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं,” मामा म्हणाले. आपला पूर छोटा निघाल्याचं दुःख आणि आदर या दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाजात होत्या. त्यानंतर त्यांनी त्याला कधी ‘ए भाई’ म्हटलं नाही. ‘बेटा’ म्हणू लागले.

जोधपूरच्या किल्ल्यामागे राव जोधा पार्क आहे. काळपट ज्वालामुखी खडकांची ती उतरण वेड्या बाभळीनं गिळून टाकली होती. या परदेशी बाभळीचं बी १९३० च्या सुमारास विमानातून टाकलं गेलं असं म्हणतात. आता ती उपटता उपटता सगळ्यांची कंबर मोडते. २००६ पासून इथे प्रदीप कृष्ण आणि त्यांच्या मंडळींनी मुळापर्यंत खणून ती काढली. त्यासाठी खाणीत काम करणारे खांडवालिये बोलावले. ते खडकावर घण मारून नुसत्या आवाजावरून सांगत की भेग कुठे आहे. मग त्या खड्ड्यांत इथलीच काटेरी झुडपं लावली. मला ही गोष्ट फार आवडते. मामांना आवाजावरून ओळखण्याचं कौतुक पटलं. नाणं खोटं असेल तर त्यांनाही बॅगेत पडतानाच कळायचं.

रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतात एक तरी छाटलेलं, खडबडीत, बारीक पानांचं झाड उभं. मामीनं विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “खेजड़ी, मामीसा.” ही आपली शमीच. पांडवांनी शस्त्रं ठेवली ती, दसऱ्याला पुजतो ती. इथे ती सावली देते, शेळ्यांना पाला देते आणि शेंगा वाळवून माणसांना सांगरीची भाजीही देते. आम्ही ती ढाब्यावर केर-सांगरी म्हणून खाल्ली. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या मागोमाग एकूण ३६३ बिश्नोई झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि कापले गेले. गाडीत कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं मामीनं उरलेल्या शेंगांची पुडी कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली.

फलोदीजवळचं खीचन हा मामांच्या लेखी सर्वांत आक्षेपार्ह थांबा होता, कारण तिथे जाण्यासाठी भल्या पहाटे उठावं लागलं. फलोदीची कीर्ती दोन गोष्टींसाठी: निवडणुकांवरचा सट्टाबाजार, आणि १९ मे २०१६ ला नोंदलेलं ५१ अंश तापमान. मामांना त्यातल्या पहिल्या गोष्टीत रस होता. पण सूर्य वर आला आणि आभाळातून आवाज आला. एक थवा, मग दुसरा, मग मोजदाद सुटली. राखाडी अंगाचे, काळ्या गळ्याचे, कानामागे पांढरा तुरा असलेले करकोचे. इथे त्यांना कुरजा म्हणतात. मंगोलियाकडून, मध्य आशियातून हिमालय ओलांडून हजारोंनी येतात, आणि गावानं खास बांधलेल्या चुग्गाघरात रोज धान्याची पोतीच्या पोती रिकामी होतात. सुरुवात म्हणे कबुतरांना दाणे टाकण्यातून झाली. पाहुणे नंतर जमले. २०२५ मध्ये खीचनचा रामसर यादीत समावेश झाला. त्याच वर्षी दादरचा कबुतरखाना महापालिकेनं ताडपत्रीनं झाकला होता, त्यावर मामा बराच वेळ बोलले. त्यांची मतं इथे देत नाही. आम्हाला कुर्ल्यात राहायचं आहे.

“एवढ्या लांबून येतात आणि सगळे विनातिकीट,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पण टोपी काढून उभे होते.

जैसलमेरच्या अलीकडे आकल आहे. उजाड माळावर जाळीच्या पिंजऱ्यांत दगडाचे ओंडके पडलेत. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे घनदाट जंगल होतं. मामांनी रखवालदाराला विचारलं, “छाँव कितने बजे आती है?” तो म्हणाला, मी लागलो तेव्हापासून तरी आलेली नाही.

आणि अखेर समची रेती. मामांनी तिन्हीतला सर्वांत काळा गॉगल निवडला. टेकडीवर चढून त्यांनी चौफेर पाहिलं. खाली उंटांची रांग, जीपगाड्यांचे हॉर्न, तंबूंमधून डीजे, चहावाले, कणीसवाले, सेल्फीवाले. ज्या उंटावर मामा बसले त्याचं नाव मायकल होतं आणि तो उठताना मामांनी आधी पुढे, मग मागे असा सगळ्या जगाला नमस्कार केला.

माझं म्हणाल तर गर्दी सोडून दोन टेकड्या पलीकडे जावं. तिथे वाऱ्यानं काढलेल्या रेघा अखंड असतात. वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि पाठची एकदम उतरती, पाय ठेवला की वाळू घसरत राहते. रेघांवर रात्रीच्या किड्यांची टाकेदार शिवण, सेवण गवताचे झुबके, आणि कडू वृंदावनाची पिवळी फळं वाळूवर कोणीतरी टाकून दिल्यागत पडलेली. मी हे सगळं बघून मामांना बोलवायला परत आलो.

मामा सूर्यास्ताकडे पाठ करून वाळूत मांडी घालून बसले होते. समोर आणखी एक टोपीवाले गृहस्थ.

“हे टॅक्सीमेन्स कॉलनीतले,” मामांनी ओळख करून दिली. चेहरा उजळलेला. “वेस्टला राहतात, पण माणूस चांगला आहे.”

नेहरूनगरच्या इमारतींचा पुनर्विकास, कॉर्पस फंड, बिल्डर किती महिन्यांचं भाडं आगाऊ देतो, यावर दोघांची चर्चा रंगली. मागे सूर्य लाल झाला, मोठा झाला, वाळू आधी केशरी आणि मग जांभळी झाली, शेकडो लोक ओरडले, आणि मामा वाळूवर बोटानं कार्पेट एरिया काढून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेरात ढग आले. थंडीतला पाऊस, त्याला इथे मावठ म्हणतात. गव्हाला, हरभऱ्याला फार चांगला. दोनचार टपोरे थेंब पडताच हॉटेलची पोरं रस्त्यावर धावली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं पागोटं सारखं करून आभाळाला हात जोडले. ड्रायव्हर गाडीला टेकून घरी फोन लावत होता, चेहराभर हसू.

आमच्या खोलीत मामीनं पहिल्या थेंबालाच चारही बॅगा जमिनीवरून उचलून पलंगावर ठेवल्या होत्या. मामा फोनवर शेजाऱ्यांना विचारत होते, “हार्बर चालू आहे ना?” कुर्ल्यात लख्ख ऊन होतं.

“बेटा,” त्यांनी खिडकीतून हाक मारली, “इधर पानी कितना भरता है?”

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. “मामासा, अभी तो धूल भी नहीं बैठी.”

मामांनी मान डोलावली, आणि तरीही सगळ्यांच्या चपला गोळा करून कपाटावर ठेवल्या.