गवय, गाय आणि गाडो-गाडो

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आले आहे. नगरात राहणाऱ्याने गवय कधी पाहिलेला नाही. अरण्यवासी त्याला सांगतो, "गवय गाईसारखा असतो." पुढे नगरवासी रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो आणि म्हणतो, हाच तो गवय. वैशेषिकांनी हे वेगळे प्रमाण मानायला नकार दिला. त्यांच्या मते ते अनुमानातच मोडते. त्यांच्यापैकी एखादा पंडित बेंगळुरूच्या मराठी मंडळींबरोबर बालीच्या सहलीला गेला असता, तर पहिल्याच नाश्त्याला त्याने हा मुद्दा मागे घेतला असता.

प्रस्तुत प्रबंधाचा विषय एवढाच, की बेंगळुरूत राहणारा मराठी माणूस उष्ण कटिबंधातल्या परदेशात जेवायला बसला, तर पुढ्यातल्या पदार्थाचे ज्ञान त्याला कसे होते? निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, कारण प्रबंध शेवटपर्यंत वाचायची रीत विद्यापीठांतूनही उठली आहे. ज्ञान चाखून होत नाही. "अगं, हे आपल्या अमक्यासारखंच आहे" असे कोणीतरी म्हटल्यावर होते. चाखतात नंतर, आणि तेही सगळे नाहीत.

इतर प्रमाणांचा निकाल लवकर लागतो. शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य. सहलीत आप्त म्हणजे टूर मॅनेजर. त्याने "प्युअर व्हेज आहे" म्हटले की मंडळी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग ताटाकडे, मग एकमेकांकडे. शाकाहाऱ्यांचा भर अनुमानावर. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, तसे वाटीत सांबल ही मिरचीची चटणी दिसली म्हणजे तेरासी असणार. तेरासी म्हणजे आंबवून वाटलेली वाळकी कोळंबी. मालवणकडचे एक काका दुरून वासावरूनच "जवळा!" म्हणाले आणि त्यांनी वाटी ओढून घेतली. या व्याप्तीला अपवाद आहेत. शास्त्रात अशा अपवादाला व्यभिचार म्हणतात, पण मंडळींत वडीलधारे असल्यामुळे तो शब्द टाळण्यात आला.

आता मुख्य विषय. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्या, टोफू, तेंपे आणि वर शेंगदाण्याचे दाट वाटण. ते टेबलावर आले आणि एकाच वेळी अनेक कंठांतून उद्गार निघाला: "दाण्याचं कूट!" या उद्गारामागची वेदना कळायला बेंगळुरूत संसार केलेला असावा लागतो. तिथे कूट असायला हवे तिथे खोबरे असते. दाण्याचे कूट घालून काकडीची कोशिंबीर शेजारी पाठवली, तर शेजारीण गोड हसून डबा परत करताना विचारते, "कोसंबरीत मूगडाळ विसरलात का?" अशा जाचातून निघालेल्या माणसाला पूर्वेकडच्या बेटावर कूट भेटावे, तेही हॉटेलवाल्याने आपणहून घातलेले, हा माहेरचा माणूस भेटण्याचाच प्रकार.

पूर्वपक्ष असा: शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिकेकडचीच. युरोपीय जहाजांनी ती पिके इकडेही आणली आणि तिकडेही, तेव्हा तुमचे कूट आणि त्यांचे वाटण या दोन्ही उसन्या वस्तू आहेत. हा आक्षेप एका निवृत्त प्राध्यापकांनी हॉटेलच्या लॉबीत मांडला. उत्तरपक्षाने त्यांना फक्त एवढेच विचारले, की येत्या एकादशीला आपण काय खाणार? प्राध्यापक खोलीत निघून गेले.

क्लेपॉनबाबत एकमत झालेले नाही. चिकट तांदळाच्या पिठीचा हिरवा गोळा, आत ताडगूळ, बाहेरून ओले खोबरे. म्हणजे गूळ आत आहे, पण खोबरे बाहेर फिरत आहे. पहिल्या पक्षाच्या मते हा मोदकच, केवळ उलटा घातलेला. दुसऱ्या पक्षाच्या मते कळ्या नाहीत तो मोदक नव्हे, मग आत काहीही असो. मल्लेश्वरममध्ये तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या एका काकू म्हणाल्या, "मग कडुबू म्हणा की!" यावर दोन्ही पक्ष क्षणभर एक झाले आणि काकूंना फितूर ठरवण्यात आले.

काकूंचे ते वाक्य मात्र संशोधनाला कलाटणी देणारे आहे. त्यावरून जो नियम हाती लागतो तो असा: घरापासूनचे अंतर वाढत जाते, तसतशी ज्याच्याशी तुलना करायची ती गाय बदलत जाते. बेंगळुरूत असताना या माणसाची गाय पुण्या-कोल्हापूरची असते. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर होती, हे तो येईल त्याला सांगतो आणि त्याच दमात सांबार गोड असल्याची तक्रार करतो. तुरीच्या डाळीची होळिगे ही त्याच्या लेखी चुकलेली पुरणपोळी असते. बिसिबेळे भात म्हणजे मसाला सांडलेली खिचडी. देवनहळ्ळीहून विमान उडाले की या मतांना गळती लागते. सिंगापूरला सेरंगून रोडवर बेंगळुरूच्या एमटीआर हॉटेलची शाखा आहे, २०१३ पासून. तिची पाटी दिसताच हाच गृहस्थ बसमधून ओरडतो, "आपलं हॉटेल!" बालीत उबुडला पोचेपर्यंत काळ्या डाळीची पंजाबी दालमखनीसुद्धा आपली झालेली असते. आणि रात्री खोलीचे दार लावून तो सुटकेसमधून एमटीआरच्या बिसिबेळेचे पाकीट काढतो.

या पाकिटाचा इतिहास इथे सांगणे भाग आहे. एमटीआर हे उडुपीकडच्या मय्या बंधूंनी १९२४ साली बेंगळुरूत सुरू केलेले हॉटेल. आणीबाणीत खाद्यपदार्थांच्या दरांवर सरकारी बंधने आली, तोटा सोसवेना, हॉटेल बंद ठेवावे लागले आणि मालक तयार पिठे-मसाले पाकिटांतून विकण्याकडे वळले. पुढचा सारा पसारा त्यातून वाढला. आणीबाणीच्या परिणामांवर लिहिणाऱ्या इतिहासकारांनी बालीतल्या हॉटेलची इलेक्ट्रिक किटली अद्याप विचारात घेतलेली नाही.

याच मय्या बंधूंपैकी यज्ञनारायण मय्या १९५१ साली युरोपात फिरून आले. त्यांनी तिकडच्या हॉटेलांची स्वच्छता पाहिली आणि परत येऊन भांडी वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना स्वयंपाकघर पाहायला मोकळे ठेवले. पदार्थ सोडून भांडी बघणारा प्रवासी आमच्या सिद्धान्ताला बाधक आहे. म्हणून त्यांना अपवाद मानून पुढे जाऊ.

सादृश्य कधीकधी खरेही निघते, आणि ते पचायला जास्त जड. बालीत कॉफीची पूड थेट पेल्यात टाकून वर उकळते पाणी ओततात. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे. डबरा-टंबलरवर वाढलेल्या मंडळींनी एकमुखाने "गाळायची राहिली" असा निवाडा दिला. पण १६९९ साली डचांनी जावा बेटावर जी कॉफी रुजवली, तिची रोपे मलबारातून गेली होती. म्हणजे गवय गाईसारखा नव्हता, गाईचाच वंशज होता. हे कळल्यावर चिकमगळूरला जाऊन आलेले एक जोडपे तो गाळसुद्धा पिऊन उठले.

सणांचे थोडक्यात. बालीतही शक चालतो, आपलाच, इ. स. ७८ पासूनचा. २२ मार्च २०२३ रोजी आपला पाडवा आणि त्यांचा न्येपी एकाच दिवशी आले. दोन्हीकडे शके १९४५ लागला. त्या दिवशी तिथे दिवे नाहीत, वाहने नाहीत, विमानतळसुद्धा बंद. बाहेर गुढी उभारली असती तर ती बघायला रस्त्यावर कुत्रेही नव्हते. गालुंगानच्या सणाला मात्र तिथे घरोघरी दारापुढे सजवलेला उंच वेळू उभा राहतो, टोकाशी वाकलेला. "गुढीच! फक्त पाठीचा कणा नाही," असे एका आजोबांनी सांगितले. बोलताना रोख बाजूला बसलेल्या जावयाकडे होता.

शेवटी उपमान जिथे हरले त्या एकमेव स्थळाची नोंद. सालक नावाचे फळ. वरून सापाच्या कातीसारखे तपकिरी खवले, आत लसणाच्या कुड्यांसारखे पांढरे गर, चव मात्र लसणाच्या पंचक्रोशीत नाही. किंचित आंबट, किंचित गोड, किंचित तुरट, दाताखाली कुरकुरीत. मंडळी चघळत राहिली. कोणी पेरू सुचवला, तो फेटाळला गेला. कोणी कच्चे सफरचंद म्हटले, त्याला अनुमोदक मिळाला नाही. फणसाला दोन मते पडली. न्यायशास्त्राला अभिप्रेत असलेले निखळ प्रत्यक्ष ज्ञान बेंगळुरूच्या मराठी समाजाला पहिल्यांदाच होऊ घातले होते. तेवढ्यात मल्लेश्वरमच्या काकूंनी बी तोंडातून काढून हातरुमालात ठेवली आणि म्हणाल्या, "याचं लोणचं मात्र छान होईल हं."