थांबायला परवानगी लागते

शिरोळ तालुक्यात सध्या एकच गाडी बेकायदा ठरण्याच्या वाटेवर आहे, आणि तीही नीट थांबायचं मनात आणते म्हणून. एरवी हंगामात ऊस घेऊन कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर बघा. मागं दोन ट्रॉल्या, त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक ही चीज ठाऊक नाही. मागचा दिवा असला तर असला. स्पीकर मात्र पार कुरुंदवाडला ऐकू जाईल असा. त्याला कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी ऐकू जाणार कसं? चौकशी चाललीय ती आमच्या आळीतल्या अण्णांची.

अण्णांकडं १९७१ सालची फियाट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक. पेडल पहिल्यांदा दाबलं की गाडीला खबर जाते, दुसऱ्यांदा दाबलं की ती विचार करते, तिसऱ्यांदा थांबते, तीही डावीकडं ओढत. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या तालुक्यात रस्त्यावर पाणी येणं ही काही बातमी नव्हे. पण ड्रममध्ये पाणी शिरलं, लायनर भिजले, की पुढचं सगळं नरसोबावाडीच्या दत्त महाराजांच्या हवाली. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "अण्णा, पुढं डिस्क बसवूया की. जुन्या रिमात कॅलिपर मावायचा न्हाई, रिमाबी बदलू. टायर जरा रुंद टाकू. गाडी जाग्यावर हुबी ऱ्हाईल बघा."

अण्णा निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "आधी मंजुरी, मग पाना." इथंच घात झाला.

मंजुरीसाठी ते एका परिवहन कार्यालयात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही. अण्णांना अजून तिथं जायचं आहे.

"ब्रेक बदलायचेत साहेब."

"का? फेल झालेत?"

"फेल नाहीत, कमी लागतात."

"कंपनीनं जेवढे दिलेत तेवढेच लागणार की."

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. अण्णांनी आरसी काढून चष्म्याखाली धरली. रंग आहे, इंधन आहे, आसनं आहेत, चासी नंबर, इंजिन नंबर आहे. ब्रेकचा रकाना नाही.

"इथं ब्रेकची नोंदच नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणूनच मंजुरी देता येत नाही."

"मग मंजुरी लागतच नसेल."

"तसं मी कुठं म्हणालो?"

केरळातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेला हात लावायचा नाही असं बजावलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अण्णांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन डिस्क, चार रिमा, चार टायर. दहा बदल, पन्नास हजार. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, आत गेलासा तर निदान तिथं ब्रेकची गरज लागत न्हाई."

गंमत म्हणजे सीएनजी किटला रीतसर वाट आहे. इंजिन उपसून त्या जागी बॅटरी आणि मोटर बसवायचं मंजूर किटही निघतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलं की झालं. पण अण्णांच्या एका फियाटसाठी ब्रेकचं किट बनवून तपासून घेणारा धनी कुठून आणायचा? गाडी कशावर चालावी याची सरकारला काळजी आहे. कशी थांबावी, हा मालकाचा खासगी प्रश्न.

कुणीतरी सुचवलं, व्हिंटेजमध्ये नोंद करा. जुलै २०२१ पासून तशी सोय आहे. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी, मूळ रूपात ठेवलेली. चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. त्या यादीतही ब्रेक नाहीत! नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यापुरती. दर पौर्णिमेला नरसोबावाडीला जाणाऱ्या माणसानं काय करायचं? अण्णा आता वाडीच्या वाटेवरचा पेट्रोल पंप हुडकतायत. येताना डिकीत कवठाची बर्फी सापडली तर ते तांत्रिक संशोधन समजावं.

जुन्या गाडीची खरी शान बघायची तर कोल्हापूरचा शाही दसरा बघावा. छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते ती माणसांच्या गर्दीतून, पावलापावलानं. तिथं डिस्क आहे की ड्रम, कोण विचारतो? अण्णांना मात्र अंकली फाट्यावर एसटीच्या मागं थांबायचं असतं.

जर्मनीत तीस वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना १९९७ पासून वेगळी नंबरप्लेट मिळते. ब्रेक किंवा चाकं बदलली तर ट्यूफ या तपासणी संस्थेचा इंजिनिअर गाडी बघतो, आणि पटलं तर तसं लिहून देतो, ते गाडीच्या कागदावर चढतं. फी घेतो, पण लिहून देतो. आपल्याकडं फी घ्यायची तयारी दांडगी आहे. लिहायचं कुठं, एवढंच अडलंय.

तेव्हा दिल्लीतल्या परिवहन मंत्रालयाला विनंती: आरसीवर ब्रेकचा एक रकाना वाढवा, तपासणीची पद्धत ठरवा, वाटल्यास ट्रॉलीलाही तो लागू करा. आणि शिरोळकरांनो, तोवर जयसिंगपूर रस्त्याला क्रीम रंगाची फियाट येताना दिसली तर आडवं जाऊ नका. ती अजून मूळ रूपात आहे.